घेवड्याचा वाफसा

आमच्या घरात शेती नवऱ्याची आणि शिवणयंत्र माझं, अशी सरळ वाटणी होती. ऐन पेरणीच्या तोंडावर हे शिडीवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि वाटणी मोडली. हे खाटेवर, मी बांधावर आणि मध्ये फोन.

पेरायचा होता घेवडा. सासूबाईंनी मूठभर दाण्यांपासून वाढवलेलं वाण! गेल्या हंगामात कीड लागली आणि उरलं ते एवढ्याशा पिशवीत. एवढं बी कुजलं तर वाणच संपलं, बाजार पालथा घातला तरी मिळणार नाही. माझा जीव टांगणीला लागला होता आणि खरं सांगते, मजाही येत होती.

“ओलवणी झालीय,” हे फोनवर म्हणाले.

“म्हणजे?”

“पेरणीआधी रान भिजवून घेतलंय गं. आता वाफसा आला की पेरायचं.”

“तो कधी यायचा?”

“पाहुणा आहे का तो? जास्तीचं पाणी खाली उतरतं, ओल राहते आणि मातीत हवा खेळते, तो वाफसा. मूठभर माती दाबून गोळा कर आणि खाली टाक. फुटला तर पेर. चपटा बसला तर घरी ये.”

मी माती उचलली, गोळा केला, टाकला. फुटला! मी अशी ओरडले की शेजारच्या रानातला ट्रॅक्टरवालाच पेरणीयंत्र घेऊन आला. शेजाऱ्यांचं उरकलंच होतं.

पिशवी यंत्रात रिकामी करणार, तेवढ्यात मी म्हटलं, आधी रिकामंच थोडं चालवून दाखवा. कापडाला कात्री लावण्याआधी चिंधीवर टाका घालून बघायची माझी खोड. यंत्र थोडं पुढे गेलं आणि फणांना चिखल चिकटला. मी खाली बसून बोटांनी उकरलं. वर कोरडं, आत गारा! मी गोळा केला होता वरवरच्या मातीचा. आतल्या मातीचा केला, तर तो भाकरीच्या पिठासारखा थप्प बसला.

“थांबा!”

“आज नाही तर मी थेट पुढच्या आठवड्यात,” ट्रॅक्टरवाला गुरगुरला.

फोनवर हेही तापले. “खिडकीतून बघतोय मी, सगळ्यांचं पेरून झालं! घाल बी!”

“नाही घालणार! गोळा फुटत नाही.”

“शेतकरी कोण, तू की मी?”

“आज मी,” म्हटलं आणि फोन बंद केला. पिशवी पोटाशी घट्ट धरली होती.

दोन दिवस वारा सुटला. दोन दिवस ह्यांनी खिडकीकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी चार बोटं खोलवरची माती काढली, गोळा केला, डोळे मिटून टाकला. फुटला! मी बांधावर चक्क उडी मारली.

ट्रॅक्टर नव्हता, पण भावाला बघायला आलेली नणंद होती.

“वहिनी, टोकण करू,” ती म्हणाली. “काठीने भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, मातीने झाकायचं. बीही कमी लागतं.”

“कंबर मोडेल ना, वन्सं!”

“मोडू दे. दादाच्या शेजारी खाट टाकू.”

हसत, कण्हत, दाणा दाणा जपत आम्ही अख्खं रान टोकलं.

उगवण दिसायला लागली तसे हे ऐकेनात. कुबड्या घेऊन, नणंदेच्या खांद्यावर हात टाकून बांधापर्यंत आले. शेजारच्या रानात बी बरंच कुजलं होतं, जागोजागी मोकळ्या जागा पडल्या होत्या आणि तिथे पुन्हा बी टाकणं चाललं होतं. आमच्या ओळी मात्र टोकापासून टोकापर्यंत हिरव्या. ह्यांनी सवयीने विचारलं, “नांगी किती भरायचीय?”

“नांगी म्हणजे?”

ह्यांनी शेजारच्या त्या मोकळ्या जागांकडे बोट केलं, मग आमच्या सगळ्या ओळींवरून नजर फिरवली आणि हात खाली घेतला.

“राहू दे,” हे म्हणाले. “तुला नाही लागायचा तो शब्द.”