सगळं बरं असलेल्या कॉलेजचं गाऱ्हाणं

"बा देवा म्हाराजा, ही पोर पाण्याला भिते, म्हाराजा!"

विठू गुरवाचा तो आवाज मनस्विनीच्या कानात अजून तसाच होता, शिमग्याच्या गुलालासकट. पालखी अंगणात आलेली, विठूकाकाच्या हातात नारळ, भोवती सगळी वाडी, आणि आईच्या पदराआड चिमुरडी मनू. पाण्याला भिते हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पऱ्यावर सगळ्या पोरी डुंबायच्या तेव्हा ही काठावर बसून "मला सर्दी झालीय" म्हणायची. विठूकाकानं ते कसं ओळखलं, कोण जाणे. त्यानं नारळ उंच धरला, देवाला सरळ सांगून टाकलं, आणि वाडी एका दमात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" लाज वाटायला हवी होती, पण वाटलं उलटंच. इतक्या जणांनी मिळून उचलल्यावर भीती ती केवढीशी उरली, कोंबडीच्या पिसाएवढी.

आता मनस्विनी रत्नागिरीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होती, तिथलं हॉस्टेलही सांभाळत होती, आणि दिवसभर तिच्या कानावर एकच पालुपद पडायचं.

"कसा आहेस रे?"

"बरा आहे, मॅडम."

"आणि तू गो?"

"बरी आहे, मॅडम."

ताप असला तरी बरी, नापास झाला तरी बरा. गेल्या वर्षी दीपकही जिन्यात भेटला होता. हुशार मुलगा, अलोऱ्याचा. "बरा आहे" म्हणून हसला आणि दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन घरी गेला तो परत आलाच नाही. फोन केला तर तिकडूनही तेच, "बरा आहे, मॅडम. फक्त कॉलेजात नाय येववत." त्या 'फक्त'वर मनस्विनीची कितीतरी झोप गेली होती.

म्हणूनच तिनं ह्या प्रकल्पात उडी घेतली. पुण्याचं एक विद्यापीठ, मुंबईचं एक आणि हिचं कॉलेज, तिघांनी मिळून कॉलेजात शिकणाऱ्या मुलांच्या मनाचा अभ्यास करायचा. पैसे देणार होता मुंबईचा एक न्यास. अभ्यास चालेल तोवर तिन्ही ठिकाणी मुलांशी बोलायला शिकलेला समुपदेशक बसणार होता. जिन्यात बसलेल्या पोराला जायला एक खोली मिळणार होती, दार लावता येईल अशी. मनस्विनीला खरं तर त्या खोलीचीच आस होती.

आधी नमुन्यादाखल थोड्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. ती भरून घेतली, पाठवली, आणि आठवड्याभरात पुण्याहून यज्ञेशचा फोन आला. यज्ञेश तिचा एम. ए.चा वर्गमित्र, आता तिकडे प्राध्यापक. सरळ बोलणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"मनू, तुमच्याकडे नळाला पाणी येतं की अमृत?"

"का रे?"

"आमची पोरं म्हणतायत झोप लागत नाही. मुंबईची म्हणतायत छातीत धडधडतं. आणि रत्नागिरी? उत्तम, उत्तम, अतिशय उत्तम! एकानं तर 'तुम्हाला आणखी काही सांगायचे आहे का?' ह्या प्रश्नाखाली लिहिलंय, 'मे महिन्यात या, आंबे खायला.'"

मनस्विनीला हसू आलं, पण पुढचं ऐकायला तिनं फोन कानाशी घट्ट धरला. "मग?"

"मग काय! न्यासाच्या कमलाताई म्हणतायत, जिथे दुखत नाही तिथे औषधाला पैसे कशाला? रत्नागिरी वगळू. मी भांडलो, तर म्हणाल्या, स्वतः येऊन बघते. तेवढ्यात दोन-चार पोरं दुःखी करून ठेव."

इकडे ही बातमी प्राचार्य हरिहर सरांपर्यंत अर्धीच पोचली होती, आणि अर्ध्या बातमीवर त्यांनी पूर्ण बॅनर छापून घेतला होता. फाटकावर तो मांडवीच्या वाऱ्यानं फडफडत होता: 'जिल्ह्यातील सर्वांत आनंदी महाविद्यालय'. कोपऱ्यात सरांचा फोटो. फोटोत सर मात्र पोट दुखत असल्यासारखे दिसत होते.

मनस्विनीनं हॉस्टेलच्या तुळसाला गाठलं. तुळसा मंडणगडकडची, दुसऱ्या वर्षाला. बापूस गावचा मानकरी, आता मुंबईत कंपनीत पहारेकरी, सणावाराला गावी येणारा. हॉस्टेलमध्ये तुळसाच्या शब्दाशिवाय पान हलत नसे.

"काय गो तुळसा, खरं सांग. त्या प्रश्नावलीत सगळ्यांनी उत्तम-उत्तम काय लिहिलंय?"

तुळसा खुशीत आली. "बगितलात मॅडम? मीच सांगितलां सगल्यांना. मॅडमचा पेपर हाय, मुंबैवाले तपासणार हायत, मॅडम पडता कामा नये! गुरुप्रसाद रडका, तो खरां लिहीत होता. त्याचा पेन काढून घेतला मी."

मनस्विनी बाकावर बसली. बाहेरचा माणूस विचारायला आला की घरचं झाकायचं, मॅडमची पत राखायची, हे ह्या पोरांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिच्यावरच्या मायेनंच त्यांनी तिचा प्रकल्प बुडवला होता.

"अगो बये," ती म्हणाली, "तो पेपर माझा नव्हता. तुमचा होता. तुम्ही सगळे बरे आहात म्हटल्यावर ते तुमच्याशी बोलायला माणूस कशाला पाठवतील?"

तुळसाचा चेहरा एवढासा झाला. "मंग आता?"

"आता पैसे देणाऱ्या न्यासाच्या बाई येतील. विचारतील. खरं सांगा."

"त्यांना?" तुळसानं डोळे मोठे केले. "परक्या बाईला?"

कमलाताई आल्या त्या दिवशी आकाशात ढग नव्हता आणि हरिहर सरांच्या शर्टावर सुरकुती नव्हती. यज्ञेशही पुण्याहून आला होता. फाटकापाशी थांबून त्यानं बॅनर मोठ्यानं वाचला. "सर, फोटोतले गृहस्थ कोण? त्यांना आधी अभ्यासात घेऊ."

हॉलमध्ये पोरं ओळीनं बसली. दीप लागला, स्वागत झालं, सरांनी कमलाताईंच्या हातात शाल आणि श्रीफळ दिलं. कमलाताई साध्या, पिकल्या केसांच्या, आवाजानं मऊ. भाषण न करता त्या पोरांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. "मी पैसेवाली बाई नाही हं, पैसे दुसऱ्याचे आहेत. मी नुसती ऐकायला आलेय. कसे आहात तुम्ही सगळे?"

हॉलभर एकसुरात उत्तर आलं, "बरे आहोत, मॅडम!"

"काही त्रास?"

"नाय, मॅडम!"

हरिहर सरांची छाती फुगली. यज्ञेश खिडकीबाहेरच्या माडाकडे बघू लागला. तुळसा मान खाली घालून नखं खात होती. गुरुप्रसादनं तोंड उघडलं, इकडे तिकडे पाहिलं आणि मिटलं. कमलाताईंनी एकेकाला विचारलं, प्रेमानं विचारलं, आणि एकेकानं तेवढ्याच प्रेमानं त्यांना परतवलं.

"छान," त्या शेवटी म्हणाल्या. उठता उठता मांडीवरचा नारळ घसरला, घरंगळत मनस्विनीच्या पायाशी आला.

मनस्विनीनं तो उचलला. शेंडी हाताला लागली आणि विठूकाकाचा आवाज पुन्हा कानात घुमला. ही पोरं विचारल्यावर बोलणारी नव्हतीच. हिला तरी कुणी पाण्याच्या काठावर विचारलं असतं, "मनू, भितेस का?" तर हिनं काय सांगितलं असतं? सर्दी झालीय!

"ताई, जरा बसा," ती म्हणाली. "आमच्याकडे माणूस स्वतःचं दुखणं स्वतः सांगत नाही. एक जण उभा राहतो, सगळ्यांचं सांगतो, आणि बाकीचे खरं असेल तर होय म्हणतात. शिमगा तोंडावर आहे. गाऱ्हाणं घालू या."

"इथे?" हरिहर सर दचकले. "कुठल्या देवाला?"

"ज्याला ऐकू येतं त्याला, सर."

नारळ पुढे धरून ती उभी राहिली. पोरांमध्ये खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "गुरुप्रसाद, जा!" गुरुप्रसाद खुर्चीत आणखी खाली सरकला. मग तुळसा उठली.

"गाऱ्हाणां बाप्ये घालतात," मागून कुणीतरी टोमणा मारला.

"मंग ये की पुढं, बाप्या!" तुळसानं मान न वळवता परतवलं. "माजा बापूस घालतो. मना तोंडपाठ हाय."

तिनं नारळ घेतला, उंच धरला. सुरुवातीला आवाजात हसू होतं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या हालात, ह्या न फिरणाऱ्या पंख्याखाली, तुजी लेकरां जमली हायत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं हसत ओरडली.

"मेसच्या डालीत डाल शोधून डोले दुखले, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कुणाचा बापूस मुंबैत, आय गावात, पोर हॉस्टेलात. तीन ठिकाणी तीन चुली, आणि फोनवर तिघांचां एकच, मी बरा, तू बरी काय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." ह्या वेळी हसणारे कमी होते.

"कुणाला इंग्रजीतलां काय कलत नाय, विचारायची लाज वाटते. वर्गात मान हलवते, खोलीत उशी भिजवते, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कुणी जिन्याखाली जाऊन रडते. नलावर तोंड धुते. वर्गात येऊन दात काढते, म्हाराजा."

ह्या वेळी एकच आवाज आला, बारीक, गुरुप्रसादचा. "व्हय म्हाराजा." त्याच्यामागून दुसरा आला, खिडकीपाशी तिसरा, आणि मग कुठून कुठून येतच राहिले. प्रत्येकाला वाटत होतं, जिन्याखाली आपण एकटेच जातो. आता एकमेकांकडे बघत होती पोरं, जशी जत्रेत चुकलेली माणसं एकाच खांबापाशी भेटावीत.

"आमचा दीपक न सांगता घरी गेला. त्याच्या बाकावर कुणी बसत नाय. त्याला वाट दाव. आमाला तोंड दे. वाकडां असल तां सरल कर, आणि आमचां ऐकणारा कुणीतरी आमच्यात बसव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हॉल असा दुमदुमला की बंद पंखाही हलल्यासारखा वाटला. ओळीत सगळ्यात मागे, शर्टाची इस्त्री मोडून पुढे झुकलेले हरिहर सरही म्हणाले होते. म्हणाल्यावर त्यांनी खोकल्याचं नाटक केलं.

यज्ञेशनं चष्मा काढून पुसला. "काय गं मनू," तो हळूच म्हणाला, "ही पद्धत आपल्या कुठल्या प्रकरणात घालायची?"

"पहिल्या. आणि पुण्याला शिकवायला तुळसाला पाठवते. येण्याजाण्याचा खर्च तुझ्या विद्यापीठाचा."

कमलाताई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "निर्णय माझ्या एकटीचा नाही, मंडळाचा आहे. पण रत्नागिरी वगळा असं मी आता कुठल्या तोंडानं सांगू?" तुळसाच्या हातातला नारळ त्यांनी मागून घेतला. "हा फोडून सगळ्यांना द्या. आणि सर, तो बॅनर..."

"वाऱ्यानं फाटणारच होता," हरिहर सर घाईनं म्हणाले.

पोरं गलका करत उठली. खोबऱ्याचे तुकडे हातोहात गेले. निघताना दारात कमलाताई वळल्या, तशी पोरंही थबकली.

"मनस्विनीबाई, एक राहिलं. पुण्यानं दोन मदतनीस मागितलेत, मुंबईनं तीन. तुम्ही अर्जात लिहिलंय, रत्नागिरीला कुणी लागणार नाही, मी एकटी सगळं बघेन. वर्ग, हॉस्टेल, हा अभ्यास. तुम्ही कशा आहात?"

मनस्विनीच्या ओठांवर ते आलंच होतं, सवयीनं, सर्दीसारखं. घरी गेल्यावर दिवा न लावता ती कितीतरी वेळ तशीच बसून राहायची. दीपकच्या नावाशी फोनवरचं बोट थबकायचं. हे यज्ञेशला ठाऊक नव्हतं, आईलाही नव्हतं. समोर तुळसा तोंडात खोबरं धरून, चावायचं विसरून, तिच्याकडे बघत होती.

"बरी नाही, ताई," मनस्विनी म्हणाली. "मला एकटीला नाही झेपत. मला कुणीतरी सोबत पाहिजे."