मथुराच्या टोपलीचं निळं डोकं

मित्रांनो, २०२३ सालच्या मे महिन्यापर्यंत मी फुलांची टोपली होते. त्या महिन्यात वसईजवळच्या होळी गावात मला कापलं, थापलं, निळं रंगवलं आणि परग्रहावरच्या माणसाचं डोकं केलं. मला कुणी विचारलं नाही. माझ्या मालकिणीलाही विचारलं नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो लपवून तुम्हाला गोड गोष्ट सांगायचं माझं वय राहिलेलं नाही.

माझा जन्म आगाशीच्या बाजारातला, १९७९ सालचा. शंकर नावाच्या बुरुडाने मला ओल्या बांबूच्या कामट्यांतून विणलं. मथुरा तेव्हा नुकती लग्न होऊन होळीच्या बागायतदार घरात आली होती. तिने मला उलटं केलं, बुडावर गुडघा दाबला आणि शंकरला म्हणाली, "ही दबत नाही. हीच द्या."

त्या दिवसापासून माझी पहाट ठरलेली. मथुरा वाडीतला मोगरा खुडायची, माझ्यात केळीचं पान अंथरायची, फुलं भरायची आणि वर गोणपाट टाकायची. मग बादलीत हात बुडवून गोणपाटावर पाणी शिंपडायची, म्हणजे उन्हात फुलं मान टाकत नाहीत. डोक्यावर चुंबळ ठेवायची. चुंबळ म्हणजे जुन्या कापडाचं पिळून केलेलं गोल कडं, ओझ्याचा भार डोक्यावर सारखा बसावा म्हणून. चुंबळीवर मी, आणि मग आम्ही पारनाक्याच्या बाजाराला. तिथे बायका म्हणायच्या, "मथुराबाय, टोपली काय राखलीय हो!" राखलीच होती तिने. दर दिवाळीआधी ती मेथी भिजवून वाटायची, तिच्यात कागदाचा लगदा मळायची आणि मला आतून-बाहेरून लिंपायची. मेथी कडू. तिला वाळवी तोंड लावत नाही.

पुढे प्लास्टिकचे क्रेट आले. मथुरा रिक्षाने जाऊ लागली आणि मी पडवीतल्या खुंटीवर गेले. फुलं गेली, पण दिवाळीचा मेथीचा हात मात्र तिने चुकवला नाही. मी समाधानी होते. मला तिथेच राहू द्यायला हवं होतं.

पण घरात नेत्रा होती. नेत्रा ही मथुराची नात, बावीस वर्षांची. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हापासून तिला वाढवलं मथुराने. पोरीने मेकअपचा कोर्स केला होता. कामणला एका गोदामात मुलांच्या मालिकेचं चित्रीकरण सुरू होणार होतं आणि तिथल्या रंगभूषा विभागाला एक कायमचं माणूस हवं होतं. विभागाचा प्रमुख संग्राम. त्याने अट घातली होती: परग्रहवासीयाचं डोकं स्वतः बनवायचं, अंग स्वतः रंगवायचं, आणि ते सगळं घालून रविवारी सकाळी दहाला हजर व्हायचं. ज्याचं चांगलं, त्याला काम.

नेत्राचा बाप जितेश म्हणाला, "रविवारी झालं तर झालं. नाहीतर सोमवारपासून पॅकिंगच्या कामाला जायचं. मी शब्द दिलाय तिथे."

"मला न विचारता?"

"तू मला विचारून ही भुतं रंगवतेस काय?"

त्या घरात त्या आठवड्यात कुणी कुणाशी सरळ बोलत नव्हतं.

नेत्राने आधी गादीचा स्पंज कापून डोकं केलं. ते बसकं झालं. मग पुठ्ठ्याचं केलं, ते मानेपाशी दुमडलं. बुधवारी दुपारी मथुरा पारनाक्याला गेली असताना नेत्राची नजर माझ्यावर पडली. तिने मला खुंटीवरून काढून स्वतःच्या डोक्यावर पालथं घातलं, आरशात पाहिलं आणि कोयती आणली.

मित्रांनो, चव्वेचाळीस वर्षांत माझी एक कामटी तुटली नव्हती. तिने चेहऱ्यासाठी माझी एक पूर्ण बाजू कापून काढली.

मथुरा घरी आली तेव्हा माझा कापलेला तुकडा पडवीत पडलेला होता. ती ओरडली नाही. तिने तो उचलला आणि म्हणाली, "आता माझा गळा तेवढा राहिलाय. कोयती हातात आहेच तुझ्या."

"आजी, दहा वर्षं नुसती टांगलेली होती ती!"

"मग मीही पडवीत बसलेलीच असते दुपारभर. मलाही काप."

"तुला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही."

"चांगलं? डोक्यावर टोपली पालथी घालून नाचणं हे चांगलं?"

शेजारच्या वाडीतली क्लारा कुंपणावरून म्हणाली, "मथुराबाय, हळू. माझ्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्यात."

नेत्राने पांढऱ्या डिंकाने माझ्यावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले. संध्याकाळपर्यंत ते पापुद्र्यासारखे सुटून आले. मथुरा समोर बसून मोगऱ्याचे गजरे करत होती. ती हसली, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

"डिंक धरेल कसा? तिच्या अंगात चव्वेचाळीस वर्षांची मेथी आहे. मेथीवर मेथीच धरते. शिकलेल्या माणसांना कोण सांगणार?"

त्या रात्री मेथीचा डबा रिकामा झाला. गुरुवारी तिने लगदा मळला आणि माझ्यावर चढवला. कपाळ पुढे काढलं, गालफडं उचलली, भुवयांच्या जागी चिंचोक्यांच्या दोन रांगा बसवल्या. नारळाच्या फुलोऱ्यावर होडीसारखं कवच असतं, त्याला पोय म्हणतात. तशा तीन सुकलेल्या पोयी तिने माझ्या टाळूवर तुऱ्यासारख्या शिवल्या. शुक्रवारी मी उन्हात कडक वाळले. शनिवारी तिने मला पाण्यातल्या रंगांनी निळं-हिरवं केलं. मी तिच्यावर चिडलेली होते, तरी खोटं सांगणार नाही. तिच्या बोटांना विणीचा अंदाज होता. जिथे माझ्या कामट्या वळतात, तिथेच तिने सुरकुत्या वळवल्या.

शनिवारी दुपारी ती अंगाचे रंग आणायला बाहेर गेली. घरात मथुरा एकटी होती. ती आली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचलून स्वतःच्या डोक्यावर घातलं.

मी डगमगले. माझी एक कामटी तिच्या कपाळात रुतली. मथुरा पुटपुटली, "पाच मिनिटं नाही टिकायची पोरगी." मग तिने आतून एक चौकडीची चुंबळ आणली. गोणी शिवायच्या दाभणाने आणि सुतळीने तिने ती माझ्या आत टाळूपाशी शिवून टाकली, दातओठ खात. नंतर मला जागेवर ठेवलं आणि पुन्हा गजरे करायला बसली. संध्याकाळी नेत्रा आली तेव्हा मथुराने चुंबळीचा विषयही काढला नाही.

हे फक्त मी पाहिलं. आणि मला बोलता येत नाही.

रविवार उजाडला. नेत्राने धूळ बसू नये म्हणून मला गोणपाटाने झाकून ओट्यावर ठेवलं, रिक्षा आली की उचलायला सोपं म्हणून. शेजारी मथुराच्या फुलांचे दोन क्रेट होते, तेही गोणपाटाने झाकलेले. आत क्लारा नेत्राची पाठ रंगवत होती. आधी पावडर, मग ओल्या स्पंजाने निळा रंग, त्यावर बारीक कुंचल्याने हिरव्या शिरा.

"हलू नको गो. तुझ्या पाठीवर वसईच्या खाडीचा नकाशा झालाय," क्लारा म्हणत होती.

मथुरा बादली घेऊन ओट्यावर आली. रोजच्यासारखा तिने हात बुडवला. पहिल्या क्रेटवर शिंपडलं. दुसऱ्यावर शिंपडलं. आणि न बघता, त्याच हाताने, त्याच लयीत, माझ्यावर पाण्याचे हबके मारले. रोज सकाळी मला तिने असंच पाणी पाजलं होतं. तिच्या हाताला ते आठवलं, डोक्याला आठवलं नाही.

तिसऱ्या हबक्याला हात हवेतच थांबला. तिने गोणपाट ओढून काढलं. माझं डावं गालफड काळं पडून फुगत होतं आणि निळा रंग ओट्यावर ओघळत होता. ती पदराने टिपायला वाकली, तेवढ्यात अर्धी निळी नेत्रा दारात आली.

"मुद्दाम केलंस!" ती किंचाळली. "सगळा आठवडा वाट बघत होतीस तू याची!"

मथुराच्या हातात ओला पदर होता. तिचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. जितेशही बाहेर आला होता, क्लाराही. सगळ्यांच्या देखत मथुराची मान ताठ झाली.

"हो," ती म्हणाली. "माझी टोपली, माझं पाणी."

"मला तुझं तोंड बघायचं नाही."

"मग डोकं घाल. त्यातून बाजूचं काही दिसत नाही."

कामणला जाताना रिक्षात नेत्राने माझं भिजलेलं गालफड रागाने ओरबाडून काढलं. आतली बांबूची वीण उघडी पडली. उरलेला निळा रंग तिने उघड्या कामट्यांनाच फासला. रडल्याने तिच्या गालावरचा रंग उतरला होता, तोही तिने वाटेत पुन्हा लावला.

गोदामाला पत्र्याचं छप्पर होतं आणि मे महिना होता. आत नेत्रा धरून चार जण डोकी घेऊन आले होते. त्यांत प्रिन्सी होती, नेत्राची कोर्समधली मैत्रीण, हल्ली मैत्रीण नसलेली. तिचं डोकं जाड फोमचं, चकचकीत, देखणं. सगळे त्याचेच फोटो काढत होते.

"नेत्रा, तुझ्या एलियनला कांजिण्या झाल्यात काय गं?" तिने माझ्या चिंचोक्यांकडे बोट दाखवलं.

संग्राम माझ्याभोवती फिरला. "आणि हा काय ग्रहावरून येताना आपटला? एक गाल कुठे गेला?"

कुणीतरी हसलं. मग संग्रामने खरी अट सांगितली. "मालिकेतला नट हे दिवसभर घालणार. तुम्ही दोन तास घाला. बसायचं नाही, काढायचं नाही."

नेत्राने मला डोक्यावर चढवलं. टाळूवर काहीतरी मऊ लागलं, ती क्षणभर थबकली, पण बघायला वेळ नव्हता.

पाऊण तासात प्रिन्सीने आपलं डोकं उपटून फेकलं आणि धापा टाकत खाली बसली. फोमच्या आत वारा जायला वाट नव्हती. एकाचं डोकं मागे कलंडलं, तो दोन्ही हातांनी ते धरून उभा राहिला आणि शेवटी त्याने ते खाली ठेवलं. तिसऱ्याच्या कपाळातून रक्त आलं, त्यानेही डोकं काढलं. नेत्राच्या डोक्यावर माझा भार चुंबळीने सारखा वाटला होता, आणि माझ्या उघड्या गालातून तिला वारा मिळत होता. ती उभी राहिली. तिच्या मानेवरचा रंग घामाने ओघळला, हिरव्या शिरा पसरल्या, पण ती हलली नाही. तिला रागाने उभं ठेवलं होतं आणि मला सवयीने. मी यापूर्वीही दोन-दोन तास कुणाच्या तरी डोक्यावर उभी राहिलेली आहे.

संग्रामने घड्याळ पाहिलं. माझ्या जाळीत बोट घातलं. "हे उघडं मुद्दाम ठेवलंस?"

नेत्राला हो म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "नाही. आजीने पाणी मारलं."

"उद्यापासून ये. वेळेवर. आणि रंग पाण्याचे वापरत जाऊ नकोस, कोर्समध्ये काय झोपली होतीस?"

मग तिने मला उतरवलं आणि आत पाहिलं. चुंबळ घामाने निळी झाली होती, तरी चौकडी दिसत होती. ती नेत्राच्या शाळेच्या गणवेशाची होती. सुतळीचे टाके गोणीच्या तोंडाला घालतात तसे, आडवेतिडवे, पक्के. तसे टाके त्या घरात एकच माणूस घालतं. नेत्राने मला मांडीवर घेतलं आणि एकेका टाक्यावरून बोट फिरवलं. प्रिन्सी काहीतरी टोमणा मारून गेली, तो तिला ऐकूच आला नाही.

घरी आल्यावर तिने मला मथुरापुढे ठेवलं. मथुराने गजऱ्यावरून मान वर केली नाही.

"चुंबळ कधी शिवलीस?"

"तुला काय करायचंय?"

"आणि पाणी?"

गजऱ्याचा दोरा थांबला. "हाताला फुलंच वाटली."

"मग सकाळी तसं म्हणाली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगितलंस."

नेत्रा तिच्यासमोर खाली बसली. मथुरा पुढे म्हणाली, "काम मिळालं?"

"मिळालं."

"मग ती चुंबळ धुवून वाळत घाल. घामाची ठेवली तर कुजते." बस, एवढंच. मिठी नाही, माफी नाही. नंतर आठ दिवस दोघी पुन्हा मेथीच्या रिकाम्या डब्यावरून भांडल्या.

शंकर बुरूड केव्हाच गेले. त्यांच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, असं मी ऐकते. प्रिन्सी विरारला नवरीमुली नटवते आणि नेत्रा दिसली की रस्ता बदलते. संग्राम दुसऱ्या मालिकेवर गेला, तिथेही ओरडतो म्हणे. जितेश भेटेल त्याला सांगतो की पोरीत गुण आहेत हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. क्लाराच्या कोंबड्या अंडी देतात. मथुराचे गुडघे गेले. ती फुलं घेऊन जात नाही, पण मालिकेचे जुने भाग लागले की पाहुण्यांना पडद्यावर बोट दाखवून म्हणते, "ती माझी टोपली. कापलीय मेलीने." नेत्रा आता त्या विभागाची प्रमुख आहे. तिने केलेल्या प्रत्येक डोक्यात चुंबळ असते. हाताखालची मुलं चुंबळीला 'रिंग' म्हणतात. आजीशी ती रोज फोनवर भांडते.

आणि मालिकेत नटाच्या डोक्यावर बसून झाल्यावर मी आता कामणच्या गोदामात एका खिळ्यावर आहे. शेजारी राक्षस, माकडं आणि दोन राजे लटकलेले आहेत. सगळे धुळीने एकाच रंगाचे झालेत. तीन दिवाळ्या झाल्या, मला मेथीचा हात लागला नाही. उजव्या कडेला वाळवीने तोंड लावलं आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू खुंटीवर असेल. तिला कापायचीच असेल तर आधी तिच्या माणसाला विचारा. कापली तरी वर्षातून एकदा तिची निगा राखा. आणि कुणाच्या हातून तुमचं काही बिघडलं, तर त्याने मुद्दाम केलं हे सांगण्याआधी, केलंस का, असं एकदा विचारा. उत्तर ओठांवर आलेलं असतं. ते गिळायला लावू नका.

गेल्या पावसात पत्र्यातून पाणी गळलं आणि ते नेमकं माझ्यावर पडू लागलं. शेजारच्या राजांचे रंग ओघळले. मी मात्र जुन्या सवयीने मोगऱ्याची वाट पाहिली.