उतारावरच्या एकतीस मेंढ्या

कर्स्टीला सगळं येतं, असं कर्स्टीचं ठाम मत होतं. त्यापायीच तर ती गोत्यात आली होती.

विद्यापीठातल्या परिसरशास्त्राच्या अभ्यासाचे तीन भाग: आधी शहर, मग शेत, शेवटी उंच पहाड. शहरात, ख्राइस्टचर्चच्या एका छपरावर, कर्स्टीबाईंनी घुबड नोंदवलं. ते प्लॅस्टिकचं निघालं, कबुतरं हाकलायला ठेवलेलं. शेतात गांडुळं मोजायला सांगितली, तर खड्ड्यात नुसतं डोकावून हिने लिहिलं, ‘भरपूर’.

“भरपूर हा आकडा नाही गं बाई,” मॅरियन म्हणाली. मॅरियन त्यांची प्राध्यापिका. तिला मॅडम म्हटलेलं अजिबात खपत नसे.

आता पहाडात घसरली की कर्स्टी नापास, आणि नापास झाली की थेट घरी, लोकर कातरायला. तिच्या वडिलांनी, डंकनने, तसं बजावूनच धाडलं होतं. “गवत बघायला विद्यापीठ कशाला लागतं? आपल्याकडे काय गवताचा दुष्काळ आहे?”

तर अशा अवस्थेत, पहाडातल्या दुसऱ्या दुपारी, दुर्बीण डोळ्याला लावून ती ओरडली, “राविरी, लिही. मेंढ्या, एकतीस!”

राविरी तिचा जोडीदार, जन्मापासून शहरात वाढलेला. “इथे? या राखीव जागेत? नीट बघ की.”

“तुझा जन्म डांबरावर गेला, माझा मेंढरांत. मला नको शिकवूस.”

“पण हलत नाहीयेत त्या.”

“पोट भरल्यावर तू तरी हलतोस का?”

राविरीने गुपचूप नोंदीचा कागद पुढे केला. त्यावर दोन चौकोन होते, ‘लांबून’ आणि ‘जवळून’. जवळून पाहिलेल्याला मार्क जास्त. कर्स्टीने पेनाने बेधडक ‘जवळून’वर खूण केली आणि लगेच घरी फोन लावला. कारण त्या उताराच्या पायथ्याशी दोनच कुरणं होती, एक तिच्या वडिलांचं आणि एक नेव्हिलचं.

“बाबा, नेव्हिलकाकांच्या मेंढ्या वर चढल्यात. एकतीस!”

“सापडला लेकाचा!” डंकन फोनवरच नाचायला लागला. “खालून दिसतात मला त्या. अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं त्याला, तर म्हणाला माझ्या नाहीत! उद्या सकाळी येतो कुत्री घेऊन.” त्या मेंढ्यांपायी दोघे शेजारी अकरा वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

मॅरियनने कागद पाहिला. “जवळून का?”

“हो.”

“बरं. उद्या बारापर्यंत कागद द्यायचाय. तोवर एकदा हात लावून ये.” आणि ती हसली. ते हसणं कर्स्टीला काही आवडलं नाही.

सकाळी बापलेक दोन तास चढले. डंकनचा भाता नुसता धपापत होता. वर पोचल्यावर त्याने शीळ घातली. जेट हा त्याचा थोरला कुत्रा झेपावत गेला, पहिल्या मेंढीला हुंगलं, आणि तंगडी वर केली.

“अरे गाढवा!” डंकन किंचाळला.

कर्स्टी पुढे धावली. हात लावला तर मेंढी गार, टणक. राखाडी लोकरीसारखी दिसत होती ती बोटाच्या टोकाएवढी हजारो पानं, एकमेकांना घट्ट चिकटलेली. मुळं दगडांत रुतलेली. मेंढी-झुडूप! जुने मेंढपाळ फसायचे म्हणून हे नाव पडलं. मॅरियनने त्यावर अख्खा तास घेतला होता. मेंढ्यांबद्दल मला काय सांगणार, म्हणून कर्स्टी त्या तासाला गेलीच नव्हती.

“बाबा, ही झुडपं आहेत.”

“सगळी?”

“एकतीसच्या एकतीस.”

डंकन मटकन दगडावर बसला. त्याचा चेहरा पाहून तिला हसूही येईना. फार वाईट वाटलं तिला. तिने खिशातून कागद काढला.

“खोडू नकोस,” डंकन घाईने म्हणाला. “नापास होशील. मेंढ्या होत्या, पळाल्या म्हण. मी साक्ष देतो.”

“तुम्ही?”

“मग? बाप आहे तुझा!”

कर्स्टीला गलबलून आलं. क्षणभर मोहही झाला. मग तिने एकतीसवर रेघ मारली आणि लिहिलं: ‘मेंढ्या शून्य. जवळून पाहिलं नव्हतं. चूक माझी.’

“झाले नापास तर येते कातरायला,” ती म्हणाली.

डंकनने कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. “असं लिहायला शिकवतात तिथे?”

“मॅरियन शिकवते. मी आत्ता शिकले.”

“मग नापास झालीस तरी पुन्हा तिथेच जा. कातरायचं मी बघतो.”

मग त्याने खाली दोन कुरणांमधल्या कुंपणाकडे पाहिलं. आणि फोन काढून लावला.

“नेव्हिल? डंकन बोलतोय. अरे, ठेवू नकोस, ठेवू नकोस. त्या मेंढ्या तुझ्या नव्हत्या रे. मेंढ्याच नव्हत्या. चूक माझी.”