बाराव्या पेटीतला चिखल

समुद्रात प्रकाश एकदम मावळत नाही, रंगारंगाने मावळतो. आधी तांबडा जातो, मग नारिंगी, मग पिवळा. हिरवा थोडा रेंगाळतो, निळा फार रेंगाळतो, आणि शेवटी तोही निरोप घेतो. त्याच्याखाली जे उरते त्याला काळोख म्हणायचे, कारण आपल्याजवळ दुसरा शब्द नाही.

त्या निःशब्द, निस्तरंग, हिमशीतल काळोखातून अखंड एक भुरा झरत असतो. वर उन्हात जगून गेलेल्यांचा भुरा: शेवाळाचे कण, कोळंबीची कात, माशांचे खवले. झरत झरत, विरत विरत, हजार वाव खाली तो तळाला टेकतो. करडा, मवाळ, युगायुगांचा चिखल होऊन पडून राहतो.

देवदानवांनी मंदराचलाची रवी करून हा समुद्र घुसळला, चौदा रत्ने काढली, त्यांवरून भांडले आणि आपापल्या घरी गेले. तळाचा चिखल चाळून पाहावा असे कुणालाच सुचले नाही. ते काम वैजयंती कुबल हिच्या वाट्याला आले.

तीस वर्षे ती संशोधनाच्या जहाजावरून हेच करत आली होती. चिखल वर आणायचा, रेशमाहून बारीक चाळणीतून धुवायचा, त्यात रंग मिसळायचा. जे जिवंत असते ते गुलाबी होते. नुसती माती करडीच राहते. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या करड्या रानात एकेक गुलाबी धागा उजळतो. हे तळाचे कृमी: केसाहून बारीक, डोळे नसलेले, डोळ्यांची गरजच नसलेले. लग्नाच्या पंगतीत कुणी "आपण काय करता?" विचारले आणि तिने खरे सांगितले, की शेजारचा माणूस श्रीखंडाची वाटी हळूच दूर सरकवी.

पण हे वेड तिचे एकटीचे नव्हते. ते बापाकडून आलेले होते.

तिचे आबा, बुधाजी कुबल, मालवणच्या किनाऱ्यावर होडीचे तांडेल. शिडाची होडी, सोबतीला चार खलाशी, आणि होकायंत्राच्या जागी त्यांची जीभ. धुक्यात किनारा हरवला की ते दोरीला बांधलेला शिशाचा गोळा तळाशी सोडत. गोळ्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तिला तळाचा चिखल चिकटून येई. आबा तो चिमटीत चोळत, हुंगत, जिभेच्या टोकाला लावत आणि सुकाणूवाल्याला सांगत, ही निवती, हा आचरा, हे देवगड. चिखल कधी खोटे बोलला नाही आणि आबा कधी चुकले नाहीत.

त्यातली एक चिमूट ते कागदात बांधून घरी आणत. पायरीवर बसलेल्या लेकीचा तळहात उघडून त्यावर ठेवत.

"सांग बघया, वैजू, ह्यो खयचो?"

सात वर्षांची वैजू हुंगे, चाखे, तोंड वाकडे करी आणि हमखास चुके. आबा पोट धरून हसत. एकदा तिने चिडून उलटाच प्रश्न टाकला, "आबा, तळाक कोण रवता?"

"तळाक कोण रवतला गो? थंय नुसतो चिखल."

तळाशी कुणी राहत नाही, हे आबांच्या साऱ्या बोलण्यातले एकच वाक्य तिला पटले नाही. पुढचे सगळे आयुष्य तिने ते खोडून काढण्यात घालवले.

गेल्या वर्षीचा प्रश्न साधा होता. चिखल मेला, तर त्यात जीव परत येतो का? त्यासाठी बारा उथळ पेट्या केल्या. त्यांत भरायचा चिखल तीनदा गोठवायचा, तीनदा वितळवायचा, म्हणजे आत एकही प्राण उरत नाही. मग त्या निष्प्राण पेट्या तळाशी ठेवायच्या, आणि वर्षाने जाऊन पाहायचे.

निघण्याआधी ती चार दिवस घरी गेली. आबा घरापुढच्या खळ्यात बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले, अदबीने जरा सरकून बाकावर जागा केली आणि विचारले, "बाई, तुमी खयसून इलास?"

बापाने लेकीला 'तुमी' म्हटले. वय झाले की विस्मरण होते, हे तिला ठाऊक होते. डॉक्टरांनी बजावलेही होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि बाकावर पाहुणी होऊन बसणे वेगळे. चार दिवस ती बसून राहिली. चार दिवस आबांनी तिचे नाव घेतले नाही.

परतताना तिने शास्त्रात न बसणारी एक गोष्ट केली. घरामागच्या खाडीत उतरून कांदळांच्या मुळांशी असलेला चिखल तिने डबाभर काढला. प्रयोगशाळेत तो तीनदा गोठवला, तीनदा वितळवला. ज्या चिखलात तिचे परकर मळले, ज्यात ती शिंपल्या शोधत वाढली, तो तिने आपल्या हातांनी मारला आणि बाराव्या पेटीत भरला. वहीत खाडीचे नाव प्रामाणिकपणे लिहिले. कारण मात्र लिहिले नाही.

मग बाराही पेट्या रंगारंगाच्या मावळत्या प्रकाशातून खाली गेल्या आणि काळोखात टेकल्या.

तिथे काय घडले ते कुणी पाहिले नाही. घर बांधून रिकामे ठेवले की आधी मुंगी येते, मग कोळी, मग चिमणी. तसेच काहीसे झाले असणार. संथ, अतिसंथ प्रवाहाने शेजारच्या चिखलातला एखादा कृमी उचलला, वाहवला आणि परक्या मातीवर अलगद सोडला. दुसरा कडेने सरपटत आला. वरून भुरा झरत राहिला, झरत राहिला. त्यांनी तो खाल्ला, मातीत वाटा पाडल्या, अंडी घातली. ना कुणी बोलावले, ना कुणी दिवा दाखवला, तरी ते आले.

वर्षाने पेट्या वर निघाल्या. बाराव्या पेटीतल्या चिखलात रंग मिसळून वैजयंतीने भिंगाला डोळा लावला. करड्यात एक गुलाबी धागा हलल्यासारखा दिसला. मग दुसरा. मग बोटे दुखेपर्यंत ती मोजत राहिली: तीनशे बेचाळीस. डोळे भरून आले, आणि भिंग धूसर झाले म्हणून तिने उगाच भिंगच पुसले.

रंग न घातलेला एक चमचा चिखल तिने बाजूला काढला, बर्फात ठेवला आणि बंदरातून थेट घर गाठले.

उतरत्या उन्हात आबा त्याच बाकावर होते. आबांचे सारे पाहणाऱ्या प्रमिला वहिनी दारात येऊन हलकेच म्हणाल्या, "आज पेज पण खाल्ल्यानी नाय. माका पण वळखूक नाय सकाळी."

वैजयंती बाकासमोर खाली बसली. डबी उघडताना तिला पहिल्यांदाच भीती वाटली. आपल्याला ओळखले नाही, ते तिने सोसले होते. पण आबांनी चिखलही ओळखला नाही, तर मग विचारण्यासारखे काहीच उरणार नव्हते.

तिने त्यांचा सुरकुतलेला तळहात उघडला आणि त्यावर चिमूटभर चिखल ठेवला.

"सांगा बघया, आबा, ह्यो खयचो?"

माडांच्या सावल्या अंगणभर लांबल्या. मग आबांचा अंगठा हलला, जुन्या सवयीने, आपणहून. त्यांनी चिखल चोळला, हुंगला, जिभेच्या टोकाला लावला.

"आपल्या खाडयेचो."

वैजयंतीने डबीचे झाकण लावले.

"पण लांब जावन इलो हा," आबा म्हणाले. पुन्हा अंगठा फिरला, हळू, अधिक हळू. कपाळावर आठी पडली. "मेलेलो चिखल बोटाक चिकटान रवता. ह्यो सुटता. ह्येच्यात कोणतरी रवाक इला हा."

पन्नास वर्षे ती ज्या वाक्याशी भांडत होती, ते त्यांनी स्वतःच मागे घेतले होते. आपण ते कधी बोललो होतो, हे त्यांना आठवतही नव्हते.

मग आबांनी तिचा हात ओढला. तळहात उघडला, चिखलाची चिमूट त्यावर ठेवली, बोटे मिटली, आणि त्यांच्या डोळ्यांत ते जुने खट्याळ हसू उमटले.

"आता तू सांग, वैजू."

तिला दोनशे कृमींची शास्त्रीय नावे पाठ होती. ती सारी बाजूला ठेवून ती बाकावर आबांशेजारी जाऊन बसली. ऊन सरत होते, आधी पिवळे, मग नारिंगी, मग तांबडे. आणि मिटल्या मुठीत एवढासा ओला चिखल होता, आपल्या खाडीचा, लांब जाऊन आलेला, आणि त्यात कुणीतरी राहत होते.