चंद्रीचं डोकं कुणी धरायचं

विठाबाईनं सुनेला चार दिवस माहेरी, उचगावला धाडलं तेव्हा कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत सासूचं कौतुक झालं. विहिणीचा गुडघा धरला होता, तो मिरजेला दाखवून आण म्हणून सासूनं मोनाची पिशवीसुद्धा स्वतः भरून दिली. आता खरं सांगायचं तर विहिणीच्या गुडघ्याशी विठाबाईला काडीचं घेणंदेणं नव्हतं. तिला तिची म्हैस परत पाहिजे होती.

चंद्री तिनं हातावर वाढवलेली. रेडकू तीन दिवसांचं असताना आई गेली, तेव्हा विठाबाईनं बाटलीनं दूध पाजलं, थंडीत स्वतःचं घोंगडं पांघरलं. चंद्री लांब शिंगांची आणि तापट निघाली, पण विठाबाईशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही, आणि त्याचा विठाबाईला भारी तोरा. मग गेल्या वर्षी विठाबाईचं मनगट मोडलं. दोन महिने हात गळ्यात, धारेला मोना बसायची. मनगट जुळलं, पण म्हैस काही परत आली नाही. विठाबाईनं कासेला हात लावला की ती पान्हा चोरायची, पाय झाडायची. मोना नुसतं ‘चंद्रे’ म्हणाली की कान हलवत तिच्या खांद्यावर मान टाकायची. लेक अमरसिंह बायकोच्या बाजूनं बोलतो, ते तिनं गिळलं होतं. लेक जातातच. पण हातावर वाढवलेली म्हैसही जावी?

मोना गेल्यावर तरी चंद्री वळणावर येईल असा हिशेब होता. तो पहिल्याच रात्री चुकला. म्हैस रस्त्याकडं तोंड करून रेकत राहिली, पेंडीला तोंड लावलं नाही. सकाळी विठाबाई जबरदस्तीनं धारेला बसली, तशी चंद्री अशी उसळली की गोठ्याच्या पत्र्याच्या कडेनं तिच्या कासेचं मागचं सड उभं फाटलं.

नऊच्या सुमारास जनावरांच्या डॉक्टर त्रिशला मगदूम आल्या. सड बघून त्यांनी सांगितलं की टाके आत्ताच पडले पाहिजेत, उशीर झाला तर हे सड कायमचं गेलं. चंद्री पाच महिन्यांची गाभण, त्यामुळं दोऱ्या घालून खाली पाडायचीही सोय नव्हती. उभ्या उभ्याच करायला हवं, आणि त्याला डोक्याशी म्हशीच्या सवयीचं माणूस लागतं. तसं कोण आहे, असं त्यांनी विचारलं.

अमरसिंहनं तोंड उघडलं, पण विठाबाई आधी बोलली. “मी हाय की. माझ्याबिगर कुणाचं ऐकत न्हाय ती.”

अमरसिंह दोऱ्या आणायला वळला. आईला खोटं पाडायची त्याची छाती नव्हती.

डॉक्टरांनी सगळं रीतीनं मांडलं. मान खांबाला आखूड बांधली, गाठ अशी की शेवट ओढला की सुटावी. मागच्या दोन्ही पायांना इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दोरी घातली. म्हैस आणि भिंत यांच्या मधे कुणी जायचं नाही आणि दावं हाताला गुंडाळायचं नाही, असं दोनदा बजावलं. विठाबाईनं ते दोन्ही वेळा ऐकलं आणि मानेजवळ दाव्याचे दोन वेढे मुठीला घेतले. लांबून धरायला आपण काय पावणं आहोत का, असं तिला वाटलं.

भुलीची सुई टोचली आणि चंद्रीनं मान हिसडली. वेढे आवळले, विठाबाईच्या तळव्याची साल निघाली, हात दाव्यात अडकला. म्हशीच्या कुशीचा धक्का बसून डॉक्टर गव्हाणीवर आदळल्या. अमरसिंहनं धावत जाऊन दाव्याचा शेवट ओढला म्हणून गाठ सुटली. तशी गाठ नसती तर विठाबाईची बोटं गेली असती.

डॉक्टर खांदा धरून उठल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

“मावशी, एकदाच विचारते. हिला सवय कुणाची हाय?”

विठाबाईला त्यापेक्षा दात उपटून देणं सोपं गेलं असतं. “सुनंची,” ती म्हणाली.

अमरसिंहनं फोन लावला. मोना मिरजेला दवाखान्याच्या रांगेत होती, संध्याकाळशिवाय काही येत नव्हती. डॉक्टर घड्याळाकडं बघू लागल्या.

एक उपाय होता, आणि म्हसरं पाळणाऱ्या सगळ्या बायकांना तो ठाऊक असतो. धार काढणारी आजारी पडली की तिचं पातळ नेसून दुसरीनं बसायचं. जनावर वासाला फसतं. सड गेलं तर जाऊ दे, पण हे सोंग आपण करायचं नाही, असं घटकाभर विठाबाईच्या मनात आलं. लपवायचं कशाला, आलं. मग सडातून रक्ताचा थेंब शेणात पडला, आणि ती घरात गेली.

बाहेर आली ती मोनाचा गोठ्यातला न धुतलेला गाऊन घालून. जन्मात कधी गाऊन घातला नव्हता, तो साडीवरूनच चढवलेला, काखेत दाटलेला. अमरसिंहला हसू आलं असावं, पण आईचं तोंड बघून त्यानं मान फिरवली. ह्या खेपेला विठाबाईनं दावं हाताला गुंडाळलं नाही, नुसतं धरलं.

चंद्रीनं बाही हुंगली, कान हलवले आणि एक मोठा उसासा टाकून मान तिच्या खांद्यावर ठेवली. वर्षभरात हे वजन विठाबाईच्या खांद्यावर आलं नव्हतं. ‘चंद्रे, माझे बाई’ असं तोंडाशी आलं होतं, ते तिनं ओठ दाबून आत ठेवलं. म्हशीनं आवाज ओळखला असता तर मान खांद्यावरून गेली असती. म्हैस बाही चाटत राहिली, डॉक्टर पाच टाके घालत राहिल्या, आणि विठाबाई एका फाटक्या गाऊनवर जळत, बिनआवाज रडत उभी राहिली.

टाके पडले, सड वाचलं. दहा दिवस नळी घालून दूध काढायचं आणि तेवढे दिवस डोक्याशी एकच माणूस, असं डॉक्टरांनी सांगितलं. हाच गाऊन घालून तुम्ही उभ्या राहिलात तरी भागेल, हेही म्हणाल्या. म्हणजे म्हैस दहा दिवस विठाबाईची झाली असती.

तेवढ्यात मोनाचा फोन आला. अमरसिंहनं तो आईच्या हातात दिला.

“आत्ती, टाकं पडलं व्हय? डोक्याला कोण हुतं? ती कुणालाबी धरू देत न्हाय की.”

‘मी’ म्हणायला विठाबाईचं तोंड उघडलं होतं.

“तूच हुतीस,” ती म्हणाली. मोनाला काही कळेना, तिनं परत विचारलं. विठाबाईनं गव्हाणीपासून चार पावलं लांब जाऊन आवाज खाली आणला. “आईला उचगावला सोडून रातच्याला घरी ये. दहा दिस तिच्याम्होरं मुकी हून उभं ऱ्हायाचं माझ्यानं हुनार न्हाय.”