मोडीत दिलेली गाडी

बिबवेवाडीतल्या बाबुराव रणपिसे यांनी आपली डिझेल गाडी विकली नाही, मोडीत दिली. कारण ब्रेक.

तीस वर्षं सरकारी जीप चालवून ते निवृत्त झाले होते. ही आठ माणसांची पांढरी गाडी मात्र स्वतःची, घामाच्या पैशाची. दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळं कुटुंब तिच्यातून नागपूरला जायचं. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला महिना उरला असताना कात्रजच्या घाटात त्यांनी ब्रेक दाबला आणि पायाखालचं पॅडल लोण्यासारखं खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर गाडी थांबली, समोरच्या ट्रकपासून हातभर अंतरावर. मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नळ्या सडल्यात काका. पाईपच काय, खालचा सांगाडाही गंजलाय. हिच्यात बसून आता जीव धोक्यात घालू नका."

गावाकडचा एक जण गाडी घ्यायला तयार होता. बाबुरावांनी त्याला परत पाठवलं. "तो माणसं भरून नेणार," ते बायकोला, कौशल्याला म्हणाले. "त्यापेक्षा सरकारची योजना आहे. जुनी डिझेल गाडी मोडीत द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. नव्या गाडीच्या करात सूट."

"सूट आहे म्हणून हत्ती घ्यायचा का?" कौशल्या म्हणाली. "नवी गाडी घेणार कोण?"

घेणार होती ती मुलगी, मैत्री. आयटीत नोकरीला होती आणि छोटी गाडी बघत होती. तिनेच नारायण पेठेतल्या एका एजंटचा पत्ता शोधला. पृथ्वीराज नावाचा तो माणूस गोड बोलायचा. मोडीचं केंद्र लांब आहे, आपण कशाला त्रास घेता, गाडी आम्ही नेतो, कागद घरपोच देतो, असं त्याने सांगितलं.

"कापताना मला बघायची आहे," बाबुराव म्हणाले.

"अहो काका, लोकांना सोडत नाहीत तिथे. फोटो पाठवतो ना."

चार दिवसांनी प्रमाणपत्र आलं आणि फोटोही आला. दाबून चौकोनी केलेला पांढरा पत्रा. तो कुठल्याही गाडीचा असू शकला असता. बाबुरावांनी फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला, मग मोबाईल ठेवून दिला.

विसाव्या दिवशी सकाळी मोबाईलवर दंडाचा मेसेज आला. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी. सोलापूर रस्ता, लोणी काळभोर.

"सिस्टिमचा ग्लिच असेल बाबा," मैत्री म्हणाली.

त्यांनी मेसेजमधला फोटो उघडला. डाव्या दाराला तोच पोचा होता, नागपूरच्या वाटेवर बैलगाडीने पाडलेला. पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसले होते. काचेतून मागे बायकांचे चेहरे दिसत होते, डोक्याला रुमाल बांधलेले. किती ते मोजताच येत नव्हतं.

बाबुरावांनी मोबाईल मैत्रीपुढे धरला.

बापलेक दोघं नारायण पेठेत गेले. एजंटच्या जागी शिकवणीचा फलक लागला होता. पृथ्वीराजचा फोन बंद होता. पोलीस चौकीतल्या हवालदाराने प्रमाणपत्र उलटसुलट केलं.

"गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्याच, असं दिसतंय."

"मग दंड कुणाला येणार? मला?"

"दंडाचं सोडा हो साहेब. तिला ब्रेक नाहीत. आत माणसं आहेत."

"अर्ज लिहून द्या. चौकशी होईल."

अर्ज दिला. चौकशीचं पत्र आलं नाही, मेसेज मात्र येत राहिले. जागा तीच, वेळही सकाळी सातच्या आसपासची. तिसऱ्या मेसेजमध्ये कारण बदललं होतं, वेगमर्यादा ओलांडली होती. त्या दिवशी बाबुराव जेवले नाहीत. कुठे रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला की ते उठून उभे राहायचे आणि दाराशी जाऊन थांबायचे.

"उद्या आपणच जाऊ," शेवटी ते मैत्रीला म्हणाले.

सकाळी साडेसहाला दोघं लोणी काळभोरच्या फाट्यावर उभे होते. पावणेसातला गाडी आली. नंबरप्लेट तीच. झाडांच्या रोपवाटिकेवर खुरपायला जाणाऱ्या बायका डबे घेऊन थांबल्या होत्या, त्या आत शिरू लागल्या. बाबुराव गाडीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

चालक खाली उतरला. पन्नाशीचा होता. "काय पायजे?"

"ही गाडी माझी आहे."

"तुमची? रोख पैशे दिल्यात म्या. एजंटनं कागद दिलाय."

"मलाही दिलाय. गाडी तुमचीच धरा. पण हिचा ब्रेक लागत नाही."

चालक हसला. "दोनदा दाबावा लागतो. सवय झालीया आता."

बाबुराव चालकाच्या सीटवर बसले आणि पॅडलवर पाय ठेवला. पॅडल तळाला टेकलं. दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा तळाला टेकलं. तिसऱ्यांदा जरासं घट्ट लागलं. त्यांनी चावी काढून मुठीत घेतली.

चालकाने त्यांची कॉलर धरली. मैत्री ओरडली. मागच्या दारातून मुक्ताई नावाची एक म्हातारी खाली उतरली, पण ती चालकाला आवरायला नाही, बाबुरावांना बोलायला आली होती.

"दादा, चावी द्या. सातला पोचलो न्हाय तर आजचा खाडा पडतोय. तुमचं तुम्ही मागनं भांडा."

"मावशी, मराल तुम्ही!"

"कोण न्हेणार मग आमाला? तुम्ही?"

तेवढ्यात विटांनी भरलेला एक टेम्पो आला. बायकांनी हात केला. एकेक करून त्या विटांवर चढल्या. मुक्ताईला दोघींनी वर ओढलं. टेम्पो वाकडा होत महामार्गाला लागला, ट्रकांच्या रांगेत शिरला आणि दिसेनासा झाला. बाबुराव तिकडे बघत राहिले. त्यांनी चावी मुठीत इतकी घट्ट धरली होती, की तळव्यावर तिचे दात उमटले.

मैत्रीने पोलिसांना बोलावलं. या वेळी ते आले, गाडी ओढून नेली. फौजदारबाईंनी दोघांचे जबाब घेतले. दोन्ही कागद खोटे होते. नव्या गाडीवरची सूट गेली, हे मैत्रीने न विचारताच ओळखलं. बाईंनी पृथ्वीराजच्या नावाने आलेल्या आणखी तक्रारी काढल्या. कुठली गाडी दौंडमध्ये सापडलेली, कुठली सासवडला. बहुतेक अजून सापडलेल्याच नव्हत्या.

"लोक विश्वासाने देतात," बाई म्हणाल्या. "आणि स्वस्तात मिळते म्हणून लोकच घेतात."

सही करून बाबुराव बाहेर आले. चालक पायरीवर बसला होता. त्याचा राग उतरला होता. बाबुराव त्याच्या शेजारी टेकले. काहीतरी बोलायला हवं होतं.

"मला माफ करा," ते म्हणाले. "पण आज ना उद्या घात झाला असता."

"झाला बी असता," चालक म्हणाला. त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर आणखी एका जुन्या गाडीचा फोटो होता, निळ्या रंगाची, टायर गुळगुळीत झालेले.

"पाव्हण्यानं बघून ठेवलीया. उद्या आणतो. बायका थांबत्यात की फाट्याव."