यिल्डूची आई

मित्रांनो, माझे नाव फार्दाऊ. रंग काळा, वय चोवीस. दात इतके झिजले आहेत की रेन्स्के मला गवताचा चुरा पाण्यात भिजवून देते, आणि त्यातला अर्धा माझ्या तोंडातून तिच्या बुटांवर पडतो. ती रागावत नाही. "म्हातारे, सावकाश जेव," एवढेच म्हणते. घोडीच्या आयुष्यात एवढे म्हणणारे माणूस मिळाले की पुष्कळ झाले.

मी फ्रीसलंड मुलखाची. वर्कम गावाबाहेर, तळ्याच्या बांधाखालच्या कुरणात माझा जन्म झाला. कुरणाचे मालक गेर्लोफ. त्यांचा धंदा गाईंचा, घोड्यांची मात्र हौस. त्या हौसेपायी ते गाईंच्या आधी आम्हाला पाणी दाखवत, आणि त्यांची मुलगी रेन्स्के त्यांना चिडवत असे, "हाइत, दूध घोड्या देतात का आपल्याकडे?" आमच्याकडे वडिलांना हाइत म्हणतात.

पाहुणे आले की गेर्लोफ कुंपणाला टेकून आमच्या जातीची गोष्ट सांगत. शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्यांना जाडजूड घोडे हवेसे झाले, आम्ही मागे पडलो आणि सबंध मुलखात आमचे तीनच नर उरले. मग काही हट्टी माणसांनी त्या तिघांवर जात पुन्हा उभी केली. म्हणजे आज जगात जिथे जिथे आमच्या जातीचा, फ्रीजियन घोडा आहे, तो कुठून ना कुठून माझा नातलगच. हे ऐकून माझी मान आपोआप ताठ होई. एवढ्या जवळच्या नात्यांत काय काय दडून राहते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तिसऱ्या वर्षी मला आमच्या जातीच्या निवडीच्या मैदानावर नेले. पांढरा सदरा, पांढरी विजार घातलेला, घोड्यांसोबत धावणारा माणूस माझा लगाम धरून पळाला आणि मी गुडघे छातीपर्यंत उचलत त्याच्यामागे निघाले. परीक्षकांनी मला तारा दिला. चांगल्या घोडीच्या नावापुढे जातीच्या नोंदवहीत हा तारा लागतो. पुढे बरीच वर्षे मी उंच चाकांची जुनी बग्गी ओढली. उन्हाळ्याच्या जत्रेत गेर्लोफ आणि त्यांची पत्नी जुन्या पद्धतीचा पोशाख करून तिच्यात बसत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडत. पत्नी गेल्यावर मात्र गेर्लोफ पुन्हा कधी बग्गीत बसले नाहीत.

तोवर काळही बदलला होता. लोकांना आता बग्गीचे घोडे नको होते, पाठीवर बसून संगीताच्या तालावर नाचवायचे खेळाचे घोडे हवे होते. उंच पायांचे, हलके, मागच्या पायांत जोर असलेले. मी जुन्या मापाची ठरले. पण रेन्स्केने माझ्यासाठी नव्या बांध्याचा नर निवडला आणि मला वोब्बे झाला.

काय सांगू वोब्बेबद्दल! तो चालायचा तेव्हा जमिनीला पाय लागतात की नाही, असे वाटे. आमच्यात शेकडो शिंगरांतून जेमतेम मूठभर नर पैदाशीसाठी मान्य होतात. वोब्बे तीन वर्षांचा असताना हिवाळ्यातल्या निवडीच्या सगळ्या फेऱ्या पार करून गेला. उरली फक्त शेवटची, सत्तर दिवसांची परीक्षा. ती उन्हाळा सरताना सुरू व्हायची होती. बेकरीवाल्याने अभिनंदन म्हणून गुलाबी साखरेचा केक घरी पोचवला. गेर्लोफ दिवसातून चारदा कुंपणाशी येऊन वोब्बेकडे नुसते बघत उभे राहत.

त्याच वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, कुरणातच मला यिल्डू झाली.

मी तिला चाटून कोरडे केले. वास माझाच होता. डोळे वोब्बेसारखेच होते. ती धडपडत उभी राहिली, मान ताणली, पण तिचे तोंड माझ्या सडांपर्यंत पोचेना. मी मागचा पाय वाकवला, तरी पोचेना. डोके इतर शिंगरांएवढेच, छाती रुंद, पाठ लांब आणि पाय मात्र आखूड, जणू अर्ध्यावरच वाढायचे थांबले होते. रेन्स्केने धावत जाऊन पेंढ्याचे दोन गठ्ठे आणले, त्यावर फळी टाकली आणि यिल्डूला वर चढवले. तेव्हा कुठे ती प्यायली.

गेर्लोफ आले. त्यांनी वाकून यिल्डूचे पाय पाहिले.

"कुणी पाहिलं?"

"तुम्ही आणि मी."

"मग झालं. मागच्या तबेल्यात ठेव. वोब्बेचा निकाल लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही."

"हाइत, हा दोष आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय असं होत नाही. फार्दाऊच्या रक्तात आहे, तर वोब्बेच्याही असू शकतं."

"असू शकतं! नसूही शकतं! या गोठ्यातून एक तरी नर मान्य व्हावा म्हणून उभा जन्म घालवला मी."

"आणि तो मान्य झाला की वर्षाला शंभर घोड्या येतील त्याच्याकडे. त्यांच्या कुरणांत अशा किती यिल्डू जन्मतील? प्रत्येकीला कोण फळी मांडत बसेल?"

"मला शिकवू नकोस. तुझ्या जन्माआधीपासून घोडे बघतोय."

"म्हणूनच विचारते. असं आधी कधी पाहिलं होतं का तुम्ही?"

गेर्लोफनी टोपी डोक्यावर दाबली आणि ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रेन्स्केने नोंदवहीच्या कचेरीला पत्र लिहिले. यिल्डूचे फोटो जोडले, माझे नाव लिहिले, नराचे नाव लिहिले आणि वोब्बेचे नाव परीक्षेतून काढून घेतले. वोब्बेला खच्ची केले गेले आणि द्राख्तेन गावच्या एका घोडेस्वार बाईंनी त्याला नेले. गाडीत चढताना तो एकदा खिंकाळला. मी उत्तर दिले. गाडी वळली.

ते दिवस वाईट होते. गेर्लोफ मुलीशी बोलेनासे झाले. अंगणात कॉफीला एकाच मेजाशी बसत, पण कुत्र्याला म्हणत, "विचार तिला, लोणी कुठं ठेवलंय." रेन्स्केही कुत्र्यालाच सांगे, "त्यांच्या नाकासमोर आहे म्हणावं." शेजारचे हसत, "रेन्स्केकडे आता कुत्र्याच्या मापाचे घोडे मिळतात." कुणी तिला फोनवर खडसावले, की असल्या गोष्टी चव्हाट्यावर आणून तू सगळ्यांचाच बाजार उठवतेस. मी मागच्या कुरणात उभी असे. आयाळीत काटे अडकून जटा झाल्या. रेन्स्के यायची, पण फळी मांडून, यिल्डूला पाजून, मान खाली घालून परत जायची. माझ्याच पोटात काही खोट आहे का, असे मला वाटू लागले. मित्रांनो, हे वाटणे फार जड असते.

ऑगस्टमध्ये आमच्या भागातली निवड होती. रेन्स्के तिथे कॉफीच्या टपरीवर मदतीला गेली होती. त्या सकाळी गेर्लोफ एकटेच मागच्या कुरणात आले. त्यांनी माझ्या आयाळीतला एकेक काटा काढला, पायांवरचे लांब केस धुतले. त्यांच्या अंगावर पांढरा सदरा आणि पांढरी विजार होती, तरुणपणी घोड्यांसोबत धावत तेव्हाची. विजारीचे बटण लागत नव्हते, तिथे सुतळी बांधली होती. त्यांनी मला आणि यिल्डूला गाडीत चढवले.

मैदानात धावायची ताकद त्यांच्यात नव्हती. आम्ही चालतच आत गेलो. यिल्डू माझ्या पोटाखालून तुरुतुरु चालत होती. कठड्यापाशी कुणीतरी हसले, मग तेही थांबले.

"गेर्लोफ, तुमचा नंबर?" परीक्षकांनी विचारले.

"नंबर नाही. हिला काही बक्षीस नकोय. फक्त नीट बघून घ्या." मग ते कठड्यापाशी उभ्या लोकांकडे वळले. "एकतीस वर्षांपूर्वी माझ्याकडे अगदी अशीच एक जन्मली होती. मी तिला बांधाखाली पुरली आणि घरात बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिच्या बहिणींची पिल्लं मी विकत राहिलो. फार्दाऊ त्यांच्याच रक्तातली. माझ्या पोरीनं एका दिवसात केलं, ते मला एकतीस वर्षांत जमलं नाही."

रेन्स्के टपरीवरून धावत आली. हातात किटली तशीच होती.

"पोरी, हिला धर जरा," गेर्लोफ म्हणाले. "दमलो मी."

तीन महिन्यांनी ते तिच्याशी बोलले होते. तिने किटली गवतावर ठेवली, एका हाताने यिल्डूला धरले आणि दुसऱ्या हाताने बापाला.

काही लोक रागाने उठून गेले. पण त्या दुपारी चार जण एकेकटे रेन्स्केपाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडेही झालं होतं." पुढे तपासणीसाठी माणसे आली, त्यांनी माझ्या, यिल्डूच्या आणि अशा पुष्कळ घोड्यांच्या आयाळीचे केस उपटून नेले. आज जोडी जमवण्याआधी केसांवरून रक्तातला दोष तपासतात. दोघांतही तो दोष दडलेला असेल, तर त्यांना एकत्र आणत नाहीत. तपासून निवडलेल्या नरापासून मलाही पुढे आणखी एक धडधाकट शिंगरू झाले.

वोब्बे खेळात नाव काढतो आहे. एकदा त्या बाई त्याला घेऊन कुरणाशी थांबल्या. त्याने मला हुंगले आणि गवत खाऊ लागला. ओळखले नसावे. देखणा दिसत होता.

यिल्डू नऊ वर्षे जगली. तिचे सांधे दुखत. थंडीत मी वाऱ्याच्या बाजूला उभी राहायची आणि ती माझ्या आडोशाला. ती गेल्यावर कितीतरी दिवस मी वाऱ्याच्याच बाजूला उभी राहत होते. गेर्लोफ तिच्या आधीच गेले.

मित्रांनो, आम्ही गुडघा किती उंच उचलतो ते जरूर बघा, टाळ्याही वाजवा. पण आम्हाला जन्माला घालणारे तुम्हीच आहात, तेव्हा जे दुखते ते झाकून ठेवू नका. झाकलेले दुखणे दुसऱ्या कुणाच्या कुरणात उगवते. नोंदवहीतल्या माझ्या कागदावर माझ्या सगळ्या मुलांची नावे आहेत. कचेरीत म्हणाले होते की यिल्डूचे नाव लिहायची गरज नाही. रेन्स्के तिथून हलली नाही. आता ते नाव वोब्बेच्या खाली आहे आणि त्याच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत आहे.